नुसता ताळेबंद नको, कीर्द पण दाखव

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जुलैत एक भांडण ठरलेलं असतं. शाळांना सुट्टी जाहीर झाली की कोणीतरी लिहितं, "२६ जुलैला मुंबईत ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हा आपण कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलो, आता जरा पडला की सुट्टी." मग बी विंगमधले एक काका, जे त्या दिवशी कुलाब्याजवळ फोर्टच्या ऑफिसात होते, ते लिहितात की काही नाही हो, आमच्याकडे साधा पाऊस होता, ते ९४४ वगैरे टीव्हीवाल्यांचं आहे. मग दीडशे मेसेज. यंदा मी मध्येच भाचीने केलेलं एक कार्ड टाकलं. कार्ड म्हणजे फोटोएवढी चौकट, आत एवढंच:

"२६-२७ जुलै २००५. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी, त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिमीच्याही आत. दोन्ही नोंदी २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या. म्हणून 'मुंबईत ९४४' हे वाक्य अर्धं आहे. पुढे बघा: कार्ड १२, पावसाचा दिवस कधी सुरू होतो. कार्ड १५, दोन वेधशाळा वेगळ्या का मोजायच्या."

ग्रुप चक्क पाच मिनिटं गप्प. भांडणारे दोघंही बरोबर निघाले होते, त्यामुळे कोणालाच काय लिहावं कळेना. मग कोणीतरी विचारलं, हे कुठल्या ॲपचं आहे? ॲपचं नाहीये, संशोधन नोटबुक आणि कार्डांतून मांडायची ती एक पद्धत आहे. पण ती एका मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथे लिहितोय.

## आधी ताईचा फोन

भाची एमएस्सी करते, स्टॅटिस्टिक्स. प्रोजेक्टचा विषय मुंबईचा पाऊस. मागच्या वर्षी ताईचा फोन आला, "अरे हिच्या मॅडमनी म्हणे काळ्या बाइंडिंगच्या रिपोर्टबरोबर नोटबुक मागितलंय आणि कार्डं मागितलीयत, एमएस्सीला वही तपासतात का आता?" मलाही काही कळलं नव्हतं, मी म्हटलं असेल काहीतरी नवीन खूळ. मग एका रविवारी भाचीच मुलुंडला आली, लॅपटॉप उघडला आणि दोन तास माझं डोकं खाल्लं, आणि त्यात माझ्या लक्षात आलं की हे मला आधीपासून माहीत होतं. मी आठ वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे, आणि माझे आजोबा गिरगावात कापडाच्या दुकानात दिवाणजी होते.

आजोबांकडे तीन गोष्टी असायच्या. पहिली रोजकीर्द, म्हणजे ज्या दिवशी जे झालं ते त्या दिवशी, त्याच क्रमाने लिहायचं. कोणाला किती दिले, कोणाकडून किती आले, मध्ये गाळायचं नाही, चुकलं तर रेघ मारून खाली दुरुस्ती, पान फाडायचं नाही. दुसरी खतावणी. तीच रक्कम, पण आता तारखेप्रमाणे नाही, खात्याप्रमाणे लावलेली: हे अमक्या गिऱ्हाइकाचं पान, हे भाड्याचं, हे हमालीचं. तिसरा ताळेबंद, वर्षाच्या शेवटी एक कागद, दोन बाजू, खाली बेरीज जुळली की शेठ खूश.

रिसर्चच्या दुनियेत इतकी वर्षं आपण फक्त ताळेबंद दाखवत आलो. जर्नलमधला पेपर म्हणा, थीसिस म्हणा, पीपीटी म्हणा, सगळा ताळेबंदच. भाचीच्या मॅडम म्हणत होत्या की कीर्द आणि खतावणी पण टेबलावर ठेव. नोटबुक ही कीर्द. कार्डं ही खतावणी. विषय खरं तर एवढाच आहे, बाकीचं सगळं याच्या खाचाखोचा आणि लोकांच्या शंका.

## नोटबुक, म्हणजे कागदाची वही का?

असू शकते. मायकेल फॅरेडे, विजेवर काम केलेला तो इंग्रज शास्त्रज्ञ, मूळचा बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, त्याने १८३२ पासून आपल्या प्रयोगाच्या डायरीतल्या प्रत्येक परिच्छेदाला नंबर द्यायला सुरुवात केली आणि १८६० पर्यंत तो नंबर सलग चालू ठेवला, १६ हजारांच्या वर गेला. म्हणजे पुढे कधीही स्वतःच्याच जुन्या नोंदीकडे बोट दाखवायचं तर नंबर सांगितला की झालं. मला हे फार आवडलं, कारण व्हाउचरला नंबर नसेल तर ऑडिटर काय म्हणतो ते मी ऐकलेलं आहे.

आता मात्र नोटबुक म्हटलं की बहुतेक वेळा कॉम्प्युटरवरची एक फाइल असते. ती अशी दिसते: वर दोन वाक्यं साध्या भाषेत, की आता मी काय करणार आहे. त्याखाली एक चौकट, तिच्यात कोड, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. त्याखाली त्या सूचनांचं उत्तर, टेबल किंवा आलेख. परत दोन वाक्यं, परत चौकट, परत उत्तर. या चौकटीला सेल म्हणतात. वाचणारा नुसता वाचत जाऊ शकतो, किंवा एखाद्या सेलमधला आकडा बदलून परत चालवून बघू शकतो, आणि खालचा आलेख त्याच्यासमोर बदलतो. पीडीएफमधला आलेख हा फोटो असतो, हा जिवंत असतो.

यातलं सगळ्यात चालणारं म्हणजे ज्युपिटर नोटबुक. २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ नावाच्या फिजिक्सच्या पीएचडी करणाऱ्या मुलाने स्वतःच्या सोयीसाठी आयपायथन नावाचं हत्यार बनवलं, २०११ ला त्याचं नोटबुक आलं, २०१४ पासून ज्युपिटर नाव. हे नाव ज्युलिया, पायथन आणि आर या तीन कॉम्प्युटर भाषांवरून जुळवलंय, आणि गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहून वहीत जी टिपणं केली त्यांनाही त्यात मान दिलाय. गुरुत्वीय लहरी सापडल्याचं फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालं ते आठवतंय? त्या लहरी पकडणाऱ्या लायगो प्रयोगवाल्यांनी डेटाबरोबर नोटबुकही खुलं केलं, म्हणजे कुर्ल्याच्या एखाद्या खोलीत बसून कॉलेजचा पोरगा तो सिग्नल स्वतः गाळून काढू शकतो.

भाचीच्या नोटबुकात मला जे पान सगळ्यात आवडलं ते तिच्या फजितीचं आहे. तिने रोजच्या पावसाचा डेटा लावला, २६ जुलै २००५ ला मोठा सुळका यायला हवा, तर त्या तारखेसमोर किरकोळ पाऊस. तिला वाटलं फाइल खराब आहे. एक अख्खा दिवस गेला. मग कळलं की हवामान खातं सकाळी साडेआठला माप घेतं आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर टाकतं. म्हणजे २६ जुलैची दुपार आणि रात्र, ज्या दिवसाची गोष्ट आपण आयुष्यभर सांगणार आहोत, ती डेटात २७ जुलैच्या ओळीत बसलीय. हे तिने नोटबुकात तसंच लिहून ठेवलंय, "इथे मी चुकले, कारण असं असं." रिपोर्टमध्ये याची एक ओळही आली नसती. पण तिच्यानंतर जो कोणी हा डेटा हातात घेईल त्याचा एक दिवस त्या पानामुळे वाचणार आहे.

दुसरं उदाहरण आकड्याचं. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला २०४.५ मिमी किंवा जास्त पडला की तो सगळ्यात वरच्या वर्गातला पाऊस. त्याखाली ११५.६ पासून एक वर्ग, त्याखाली ६४.५ पासून एक. आता "मुंबईत मोठा पाऊस वाढलाय का" या प्रश्नाचं उत्तर मोठा म्हणजे किती यावर अवलंबून. रिपोर्टमध्ये हा निर्णय तळटीपेत जातो. नोटबुकात तो एका सेलमध्ये उघडा असतो, २०४.५ खोडून ११५.६ टाका आणि चालवा, बघा काय होतं ते.

## मग कार्डं कशाला?

कारण कीर्द वाचून कोणाला काही सापडत नाही. आजोबांना "अमक्याकडून किती येणं आहे" असं शेठने विचारलं तर ते कीर्द उलटत बसायचे नाहीत, खतावणीचं पान काढायचे. नोटबुक तारखेच्या क्रमाने, कामाच्या ओघात लिहिलेलं असतं, त्यात फाटे असतात, चुकलेल्या वाटा असतात. त्यातून जे हाती लागलं ते एकेक सुटं करून लावायचं, ती कार्डं. मॉड्यूलर हा शब्द तुम्ही किचनच्या जाहिरातीत ऐकलाय, इथेही तोच अर्थ: सुटे भाग, जे वेगवेगळ्या रीतीने जोडता येतात.

ही आयडिया जुनी आहे, आणि तिचा एक अफाट नमुना आपल्या पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम चालू आहे. दीड हजाराच्या आसपास ग्रंथ घेतले, कुठला शब्द कुठे कुठल्या अर्थाने आला ते एकेका स्लिपवर उतरवलं, अशा सुमारे एक कोटी स्लिपा. एक कोटी! आणि कोशाचा पहिला खंड आला १९७६ ला. म्हणजे जवळपास तीस वर्षं नुसती खतावणी, मग कुठे ताळेबंदाचं पहिलं पान.

तिकडे ब्रसेल्सला पॉल ओतले आणि आँरी ला फाँतेन या दोघांनी १८९५ पासून जगातल्या सगळ्या छापील ज्ञानाची कार्डं करायला घेतली, एक कोटी वीस लाखांच्या पुढे गेले. ओतलेचं म्हणणं असं की पुस्तक हा गठ्ठा आहे, तो सोडवा, एका कार्डावर माहितीचा एकच तुकडा ठेवा, मग तो हव्या त्या ठिकाणी लावता येईल. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाची गोष्ट आहे ही.

पण सध्या यूट्यूबवर ज्याचं नाव घेऊन लोक कोर्स विकतात तो निकलास लुहमान, जर्मन समाजशास्त्रज्ञ, १९९८ ला गेला. सुमारे ९० हजार कार्डं, लाकडी खणांत. त्याची गंमत नंबर देण्यात होती. १ नंतर २ येणार हे ठीक, पण १ वाचताना काही जोड सुचली तर ती १अ, त्यावरून अजून काही सुचलं तर १अ१, आणि असं कुठेही मध्ये घुसता येतं, मागचे नंबर हलत नाहीत. चाळीच्या गॅलरीत खोली वाढवत नेल्यासारखं. शिवाय कार्डावर दुसऱ्या कार्डांचे नंबर. त्यामुळे एक कार्ड उचललं की त्याच्या मागे आणखी चार येतात.

इथे माझं स्वतःचं एक मत, भाचीशी यावरून थोडं वाजलं पण. लुहमानने ती कार्डं लोकांना दाखवायला लिहिली नव्हती. लोकांसाठी त्याने पुस्तकं लिहिली, ढीगभर लिहिली. कार्डं त्याची स्वतःशी बोलायची जागा होती, आणि त्याच्यानंतर विद्यापीठाने ती स्कॅन करून ऑनलाइन ठेवली तरी बाहेरच्या माणसाला ती वाचून चटकन काही उमगत नाही. विचार करायची कार्डं वेगळी, मांडायची कार्डं वेगळी. भाचीने पहिल्यांदा विचार करायचीच कार्डं मॅडमना दिली होती, "थ्रेशोल्ड (म्हणजे कुठल्या आकड्यापासून मोठा पाऊस धरायचा)?? बघ परत" असं लिहिलेली, आणि ती परत आली.

## मांडायचं कार्ड कसं असतं

वर नाव नाही, वाक्य. "कुलाबा आणि सांताक्रूझ" हे नाव झालं, त्याच्याशी कोणी भांडू शकत नाही. "कुलाबा आणि सांताक्रूझचा आकडा एकत्र करून 'मुंबईचा पाऊस' म्हणू नये" हे वाक्य झालं, याच्याशी भांडता येतं. एका कार्डावर एकच असं वाक्य. दोन झाली की दोन कार्डं. खाली त्याचा आधार, दोन-चार ओळींत, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, नोटबुकातल्या कुठल्या सेलवरून हे आलं त्याचा नंबर. खतावणीत रोजकीर्दीचा पान नंबर लिहायला वेगळा रकाना असतो, तो कोणी उगीच केलेला नाही. त्या रकान्याशिवाय कार्ड म्हणजे नुसता फॉरवर्ड. सुविचार आणि कार्ड यात फरक काय, तर तो एक नंबर.

कार्डांचे प्रकारही असतात. काही दाव्याची, काही पद्धतीची, काही नुसती व्याख्येची. व्याख्येचं कार्ड फालतू वाटतं पण भाचीच्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त बोटं ज्याच्याकडे जातात ते "अतिवृष्टी" या शब्दाचं कार्ड आहे. शेतीच्या नुकसानभरपाईसाठी सरकार महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतं. मुंबईत ६५ मिमी म्हणजे जुलैतला एक साधा मंगळवार. आणि टीव्हीवर तोच शब्द २००५ सारख्या दिवसाला वापरतात. एका शब्दाने तीन जण तीन गोष्टी बोलतायत आणि वाद घालतायत.

## पण पीडीएफमध्ये काय वाईट आहे?

काही नाही, तो वाचायला सोपा असतो. आपल्याकडे शोधगंगा या थीसिस ठेवायच्या वेबसाइटवर लाखो थीसिस आहेत, कोणीही उघडू शकतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण तीनशे पानांच्या थीसिसमधली एक चांगली व्याख्या किंवा एक टेबल हवं असेल तर अख्खा गठ्ठा घ्यावा लागतो, आणि टेबलामागचा डेटा तर बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेलेला असतो.

आणि ताळेबंद चुकला तर? २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन बड्या अर्थतज्ज्ञांचा पेपर आला, की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ एकदम बसते, सरासरी उणे ०.१ टक्के. युरोप-अमेरिकेतले नेते खर्चकपातीच्या समर्थनाला हा पेपर पुढे करायचे. थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला क्लाससाठी तेच गणित परत करून बघायचं होतं, ते काही केल्या जुळेना. शेवटी त्याने लेखकांकडेच एक्सेल मागितली, त्यांनी दिली, हा त्यांचा मोठेपणा. तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश सुटलेले. ते धरून, काही गाळलेली वर्षं परत घेऊन आणि सरासरी काढायची पद्धत बदलून त्याने आणि त्याच्या प्रोफेसरांनी २०१३ ला आकडा काढला तो अधिक २.२ टक्के. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, पण आपलं मूळ म्हणणं सोडलं नाही, आणि त्यावर अजून वाद घालता येतो. पण चूक सापडायला तीन वर्षं लागली कारण तोवर बाहेरच्यांसमोर फक्त ताळेबंद होता.

सोसायटीच्या एजीएममध्ये मी हे दरवर्षी बघतो. टँकरचा खर्च एका ओळीत दाखवला की हॉलमध्ये अर्धा तास आरडाओरडा. एका वर्षी मी वैतागून व्हाउचरची फाइलच टेबलावर ठेवली, ज्याला बघायचंय त्याने बघा. दोघांनीच बघितली. पण आवाज बंद झाला.

## तुकडे केले की अर्थ जात नाही का?

जातो. ही शंका खरी आहे आणि कार्डवाले लोक ती उडवून लावतात ते मला पटत नाही. पस्तीस कार्डं म्हणजे निबंध नव्हे. एका कारणातून दुसरं कारण कसं निघतं, कुठे माघार घेतली, कुठे जोर दिला, हे सांगायला सलग गद्यच लागतं. विटा ट्रकने आणून टाकल्या म्हणजे घर झालं असं नसतं, आमच्या शेजारच्या रिडेव्हलपमेंटच्या प्लॉटवर चार वर्षं नुसत्या विटाच आहेत.

तरी तुकड्यांचा एक फायदा गठ्ठ्यात मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०२२ ला ऑक्टोपस नावाची सोय सुरू झाली, तिथे पेपर छापतच नाहीत. संशोधनाचे आठ प्रकारचे तुकडे सुटे प्रसिद्ध करायचे: प्रश्न, तर्क, पद्धत, निष्कर्षाचा कच्चा माल, विश्लेषण, अर्थ, वापर, आणि दुसऱ्याने केलेली समीक्षा. म्हणजे मला फक्त चांगला प्रश्न सुचला असेल, उत्तर नसेल, तरी तो माझ्या नावावर लागतो आणि उत्तर शोधणारा दुसराच कोणी असू शकतो. एरवी पेपरवर डेटा गोळा करणाऱ्याचं नाव नेहमी सातव्या नंबरला येतं, इथे त्याला त्याच्या तुकड्याचं श्रेय मिळतं. हे किती रुजेल ते रुजेल, पण ज्याने प्रोजेक्टमध्ये चार महिने सर्व्हेचे फॉर्म भरून घेतलेत त्याला विचारा, त्याला लगेच पटेल.

म्हणून तिन्ही हवं. आजोबांनी खतावणी केली म्हणून ताळेबंद बंद केला नाही.

## चुका उघड्या पडतील, आणि कोणी चोरलं तर?

चुका उघड्या पडतील, हो, त्यासाठीच आहे ते. केमिस्ट्रीतले जाँ-क्लोद ब्रॅडली २००६ पासून आपल्या लॅबची वही रोजच्या रोज इंटरनेटवर टाकायचे, फसलेल्या प्रयोगांसकट. फसलेला प्रयोग जर्नल छापत नाही, त्यामुळे तोच प्रयोग पाच गावांत पाच जण परत फसवून बघतात, पैसे प्रत्येकाचे जातात.

चोरीचं जरा उलटं आहे. खुल्या जागी तारखेसकट ठेवलेली गोष्ट तुमची आहे हे दाखवणं सोपं जातं, पेनड्राइव्हवरून गेली तर काय दाखवणार? पण एक व्यवहारी सूचना करतो. आपल्याकडे थीसिस प्लेजरिझम, म्हणजे उचलेगिरी, पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जाते, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्या वर प्रश्न सुरू होतात. तुमचीच कार्डं आधीच नेटवर असतील तर मशीनला ते तुमचंच आहे हे कळत नाही, ते फक्त "जुळलं" म्हणतं. त्यामुळे आधी गाइडशी बोलून घ्या, कधी खुलं करायचं ते ठरवा. आणि ज्यात लोकांची नावं, मुलाखती, आजारपणं आहेत ते खुलं करायचंच नसतं, तिथे पद्धत दाखवा, माणसं झाका.

## नोटबुक दिलं म्हणजे झालं?

नाही, आणि इथे भले भले पडतात. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात गिटहब या लोक आपला कोड ठेवतात त्या वेबसाइटवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली होती. त्यातली जी चालवून बघता आली त्यांपैकी साधारण २४ टक्केच न अडखळता चालली, आणि मूळचंच उत्तर परत आलं ते जेमतेम ४ टक्क्यांत.

असं का होतं ते कीर्दीवरूनच कळेल. नोटबुकात सेल कुठल्याही क्रमाने चालवता येतात, आधी सातवा मग तिसरा. आणि एखादा सेल पुसला तरी त्याचं उत्तर कॉम्प्युटरच्या डोक्यात राहतं. म्हणजे कीर्दीचं पान फाडलं पण त्याची रक्कम बेरजेत तशीच राहिली. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं छान जुळतं, तुमच्याकडे उघडलं की बोंब. शिवाय कोडला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार हत्यारं, दर काही महिन्यांनी बदलतात आणि कुठलं व्हर्जन वापरलं ते लिहिलेलं नसतं. उपाय कंटाळवाणा आहे: द्यायच्या आधी सगळं बंद करून, वरपासून खालपर्यंत एकदा नव्याने चालवायचं, मग दुसऱ्याच्या मशीनवर चालवायचं. भाचीने माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवलं, तिसऱ्या सेलला आपटलं, आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

ज्याला कोड येत नाही त्यानेही घाबरायचं कारण नाही. मराठीत, इतिहासात, समाजशास्त्रात काम करणाऱ्याचं नोटबुक म्हणजे तारीखवार वही: कुठल्या दप्तरखान्यात गेलो, कागदपत्रांचा कुठला रुमाल, म्हणजे गठ्ठा, सोडला, काय मिळालं नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापली, मूळ पत्रंच्या पत्रं. त्यांच्या प्रस्तावनांशी लोक शंभर वर्षं भांडतायत, आणि भांडायला लागणारी कागदपत्रं त्याच खंडांत आहेत.

## वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी

भाचीने स्लाइड केल्या होत्या, पण दहाच. बाकी झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर छापलेली कार्डं, पोस्टकार्डाएवढी, टेबलावर मांडली, दाव्याची पांढरी, पद्धतीची पिवळी, व्याख्येची निळी. एक्स्टर्नल सर आधी वैतागले म्हणे, "हे काय, पत्ते खेळायचेत का?" मग त्यांनी स्वतःच २०४.५ वालं पिवळं कार्ड उचललं आणि म्हणाले, हे मला मान्य नाही, काढून टाकलं तर काय पडतं?

हा प्रश्न पीपीटीला विचारता येत नाही. तिने त्या पिवळ्या कार्डावर अवलंबून असलेली पाच पांढरी बाजूला काढली, नोटबुकात २०४.५ च्या जागी ११५.६ टाकून सगळं परत चालवलं, दीड मिनिट सगळे स्क्रीनकडे बघत होते. पाचातली चार परत टेबलावर आली. एक आलं नाही. तिने त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि ते वेगळं ठेवलं. मार्क किती मिळाले ते ती मला अजून धड सांगत नाही, पण सर जाताना त्या एका कार्डाचा फोटो काढून घेऊन गेले.

तर ग्रुपवर, ते ९४४ वालं कार्ड टाकल्यावर, बी विंगच्या काकांनी रात्री साडेअकराला विचारलं, "सांताक्रूझ झालं, कुलाबा झालं, पण त्या दिवशी आपल्या मुलुंडला किती पडला?" मी भाचीला फॉरवर्ड केलं. तिचं उत्तर आलं, "मामा, त्याचं कार्ड नाहीये. काकांकडे त्या दिवसाचं काही लिहिलेलं आहे का विचार."

काका आता माळ्यावरच्या डायऱ्या काढतायत.